सरळ रेघ वाकडी दिसू लागली तर : पीतबिंदूच्या विकारांविषयी वाचकांचे प्रश्न

डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला भाग म्हणजे पीतबिंदू. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं ही सगळी बारीक कामं याच भागावर चालतात. त्याच्या विकारांविषयी आलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत. बहुतेक प्रश्न साठीपुढच्या वाचकांचे किंवा त्यांच्या मुलामुलींचे आहेत.

प्रश्न : आई ७२ वर्षांची आहे. गेल्या दोन आठवड्यांपासून तिला दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसते, पण फक्त उजवा डोळा झाकला तर. दोन्ही डोळे उघडे असले की सगळं ठीक. घरातले म्हणतात वयामुळे होतं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. पुढच्या महिन्यात तसंही डॉक्टरांकडे जायचं आहे. तोवर थांबलं तर चालेल का?

थांबू नका. आजच फोन करा आणि 'नजर कमी झाली' असं मोघम न सांगता 'एका डोळ्याने सरळ रेघ वाकडी दिसते आणि हे नव्यानं सुरू झालंय' असं सांगा. या वाक्यावर नेत्रतज्ज्ञाकडे दोन-चार दिवसांत वेळ मिळायला हवी.

चष्म्याचा नंबर बदलला तर अक्षर पुसट दिसतं. रेघ वाकत नाही. रेघ वाकते ती पडद्याची पातळी बदलल्यामुळे. भिंतीला ओल धरली की पोपडा फुगतो, तसा पडद्याखाली द्रव किंवा रक्त साचून पीतबिंदू वर उचलला जातो आणि त्यावरची प्रकाशपेशींची रांग वेडीवाकडी होते. आईंच्या वयात याचं सर्वांत काळजीचं कारण म्हणजे वयोमानाने होणाऱ्या पीतबिंदूच्या ऱ्हासाचा ओला प्रकार. यात पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून नव्या, कच्च्या भिंतींच्या वाहिन्या फुटतात आणि झिरपू लागतात. उपचाराविना काही आठवड्यांत तिथे कायमचा व्रण तयार होऊ शकतो. व्रण झाल्यावर कुठलंही औषध त्या जागची नजर परत आणत नाही. म्हणून निदान झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावा असा प्रयत्न असतो.

दोन्ही डोळ्यांनी सगळं ठीक दिसतं, यावर मात्र अजिबात विसंबू नका. मेंदू चांगल्या डोळ्याचं चित्र उचलतो आणि बिघडलेल्या डोळ्याचं झाकून टाकतो. त्यामुळे एक डोळा महिनोन् महिने बिघडत गेला तरी कळत नाही. आईंनी एक डोळा झाकून पाहिलं म्हणून हे लवकर लक्षात आलं.

प्रश्न : माझ्या दोन्ही डोळ्यांत 'कोरडा प्रकार, मधली पायरी' असं निदान झालं आहे. डॉक्टरांनी चौकटींचा एक कागद दिला आणि घरी तपासत राहा म्हणाले. नेमकं कसं तपासायचं आणि काय शोधायचं?

आधी 'मधली पायरी' म्हणजे काय ते पाहू. पडद्याच्या मागे रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एक थर असतो. प्रकाशपेशींचा कचरा उचलण्याचं काम त्याचं. वयानुसार हे काम मंदावलं की त्याच्याखाली चरबीयुक्त पिवळसर ठिपके साचतात. त्यांना ड्रुसेन म्हणतात. ६३ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान ठिपके म्हातारपणात बहुतेकांना असतात, त्यांची चिंता नको. ६३ ते १२५ मायक्रॉनचे असले तर पहिली पायरी. १२५ मायक्रॉनपेक्षा मोठे असले किंवा रंगद्रव्याचे डाग दिसू लागले तर मधली. या पायरीवर वाचन बऱ्याचदा नीट चालू असतं. अंधूक उजेडात अडचण येते आणि उन्हातून घरात आल्यावर नजर स्थिरावायला वेळ लागतो, इतकंच. पुढची पायरी दोन वाटांनी येते. एक म्हणजे वर सांगितलेला ओला प्रकार. दुसरी म्हणजे पेशींचा थर हळूहळू झिजून जाणं. चौकटींचा कागद मुख्यतः पहिल्या वाटेवर लक्ष ठेवण्यासाठी आहे.

तो अ‍ॅम्सलर तक्ता. १० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन, त्यात ५ मिलिमीटरच्या ४०० चौकटी, मध्ये एक ठिपका. वापरताना जवळचा चष्मा घालायचाच. दुभिंगी चष्मा असेल तर खालच्या भागातून बघायचं. तक्ता डोळ्यांपासून २८ ते ३० सेंटिमीटरवर, रोज त्याच जागी, त्याच उजेडात धरा. एक डोळा तळहाताने झाका, पण बुबुळावर दाब देऊ नका, नाहीतर हात काढल्यावर त्या डोळ्याने काही क्षण पुसट दिसतं आणि तपासणी फसते. आता मधल्या ठिपक्याकडे पाहत राहा आणि नजर न हलवता स्वतःला विचारा : चारही कोपरे दिसतात का? कुठे रेघा वाकतात, तुटतात, पुसट होतात? एखादा भाग गायब आहे का? मग दुसरा डोळा. एका डोळ्याला अर्धं मिनिट पुरे.

इथे दोन चुका फार होतात. पहिली म्हणजे नजर रेघांवरून फिरवणं. ठिपका सोडून रेघ तपासायला गेलात की नजर चांगल्या भागावर जाते आणि दोष दिसेनासा होतो. दुसरी म्हणजे कालच्याशी तुलना न करणं. कोरड्या प्रकारातही थोडा वाकडेपणा जुनाच असू शकतो. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक डोळ्यासाठी वेगळ्या प्रतीवर पेन्सिलीने जे दिसतं ते काढा, तारीख घाला आणि जवळ ठेवा. किती वाकडं दिसतं यापेक्षा कालपेक्षा वेगळं दिसतं का, याला महत्त्व आहे. वेगळं दिसलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघू म्हणून आठवडा घालवू नका.

तक्ता चुकवू शकतो, हेही लक्षात असू द्या. ओला प्रकार सुरू होऊनही काहींना तक्ता सरळ दिसतो. त्यामुळे ठरलेल्या तपासण्या, विशेषतः पडद्याचा उभा छेद दाखवणारा ओसीटी स्कॅन, 'तक्ता चांगला आहे' म्हणून टाळायच्या नाहीत.

प्रश्न : डोळ्यांच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या खरंच उपयोगी आहेत का? वडिलांना सुरू केल्या आहेत. मी ४५ वर्षांचा आहे, तपासणी स्वच्छ आहे, पण आनुवंशिकतेची भीती वाटते. मीही घ्याव्यात का? वडील अजून सिगारेट ओढतात.

वडिलांना उपयोग आहे की नाही, हे त्यांची पायरी ठरवते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. मधल्या पायरीवर असलेल्यांत किंवा एका डोळ्यात विकार पुढे गेलेल्यांत ठराविक मात्रेच्या गोळ्यांनी पाच वर्षांत शेवटच्या पायरीवर जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. पहिल्या पायरीवर किंवा निरोगी डोळ्यात तसा फायदा दिसला नाही. म्हणजे तुम्ही घेऊ नयेत.

२०१३ मध्ये त्याच अभ्यासाचा दुसरा टप्पा आला आणि घटक सुधारले गेले. आता रोजची मात्रा अशी असते : जीवनसत्त्व क ५०० मिलिग्रॅम, जीवनसत्त्व ई ४०० आंतरराष्ट्रीय एकक, जस्त ८० मिलिग्रॅम, तांबं २ मिलिग्रॅम, ल्युटिन १० मिलिग्रॅम आणि झिअ‍ॅक्सँथिन २ मिलिग्रॅम. डबीच्या मागचा तक्ता याच्याशी पडताळून पाहा. 'डोळ्यांसाठी' असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या बऱ्याच गोळ्यांत यातला एखादाच घटक आणि तोही नावापुरता असतो. ही मात्रा रोजच्या जेवणातून भरून निघण्याजोगी नाही. जस्ताने मळमळ होते, म्हणून गोळी जेवणानंतरच घ्यावी. त्यातलं तांबं काढून टाकू नये, कारण जास्त जस्ताने शरीरातलं तांबं घटून रक्तक्षय होऊ शकतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा लघवीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

वडील सिगारेट ओढतात, म्हणून एक गोष्ट आजच बघा. जुन्या सूत्रात बीटा कॅरोटिन होतं. ओढणाऱ्यांत आणि पूर्वी ओढत असलेल्यांत त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. डबीवर ते नाव असेल तर ती गोळी बंद करून दुसरी मागा. आणि सिगारेट सुटली तर गोळ्यांपेक्षा जास्त फायदा होईल. आपल्या हातात असलेल्या कारणांत धूम्रपान सर्वांत वरचं आहे. वडिलांना हे 'सोडा' म्हणून नव्हे, तर 'तुमचा दुसरा डोळा वाचवायचा आहे' म्हणून सांगून पाहा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आई-वडिलांपैकी कोणाला हा विकार असेल तर धोका वाढतो, हे खरं. पन्नाशीनंतर दर एक-दोन वर्षांनी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, ओढू नका, रक्तदाब आटोक्यात ठेवा, गडद हिरव्या पालेभाज्या नियमित खा, चालत असतील तर मासेही. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याने किंवा मोबाईल कमी पाहिल्याने हा विकार टळतो, याला आधार नाही. त्यावर पैसे घालवू नका.

प्रश्न : सासूबाईंना ओला प्रकार आहे. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर त्या हादरल्या आहेत. डॉक्टर म्हणाले तीन घेऊ, मग बघू. तीन घेतल्यावर संपेल ना? आणि इंजेक्शननंतर नेमकी कशाची काळजी घ्यायची?

तीनवर संपत नाही. हे त्यांना आधीच सांगा, कारण तीन इंजेक्शनांनी बरं दिसू लागलं की लोक यायचे थांबतात आणि कमावलेली नजर तिथेच घालवतात. नव्या वाहिन्या वाढवणारं एक प्रथिन डोळ्यात तयार होत असतं. औषध ते अडवतं, पण औषध संपलं की प्रथिन पुन्हा काम सुरू करतं. वाहिन्या बऱ्याचदा जागेवरच राहतात, फक्त कोरड्या पडलेल्या असतात.

नेहमीची पद्धत अशी : दर महिन्याला एक, अशी तीन. मग ओसीटीवर पडदा कोरडा दिसला तर मधलं अंतर दोन-दोन आठवड्यांनी वाढवायचं, ४ वरून ६, ८, १० असं. द्रव पुन्हा दिसला की अंतर तेवढंच मागे आणायचं. कोणाचा डोळा १२ किंवा १६ आठवडे तग धरतो, कोणाचा सहाच. औषधांत रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, बेव्हासिझुमॅब, ब्रोल्युसिझुमॅब, फॅरिसिमॅब अशी नावं ऐकाल. बेव्हासिझुमॅब हे मूळचं कर्करोगाचं औषध. डोळ्यासाठी त्याची लहान मात्रा वेगळी भरून देतात. ते नजरेच्या बाबतीत रॅनिबिझुमॅबच्या तोडीचं ठरल्याचं २०११ मध्ये थेट तुलनेत दिसलं. मात्र कुपीतून भरताना निर्जंतुकता काटेकोर हवी, म्हणून ते कुठे भरलं जातं हे विचारायला संकोचू नका. रॅनिबिझुमॅबच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर महिन्याला इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांची नजर वर्षअखेर टिकून होती आणि साधारण एक तृतीयांश लोकांना नजर तपासण्याच्या अक्षरांच्या तक्त्यावर तीन किंवा जास्त ओळी अधिक वाचता येऊ लागल्या. टिकणं हेच पहिलं यश, सुधारणा झाली तर ती वरची.

आता भीतीविषयी. सुई डोळ्यासमोरून येताना दिसत नाही. भूल देणारे थेंब घालतात, पापण्या आणि डोळा पोव्हिडोन आयोडीनने धुतात, पापण्या मिटू नयेत म्हणून एक छोटा चाप लावतात, वर किंवा बाजूला बघायला सांगतात. काळ्या बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून, केसासारख्या बारीक सुईने ०.०५ मिलिलिटर औषध आत जातं. टोचणं दोन-तीन सेकंदांचं. क्षणभर दाब जाणवतो, नजर थोडी अंधारते, म्हणून लगेच 'बोटं किती?' असं विचारतात. अनेकांना सुईपेक्षा चापाचाच जास्त त्रास होतो. तो लावताना डोळे घट्ट मिटायचा प्रयत्न केला नाही तर बरंच सुसह्य होतं, हे सासूबाईंना आधी सांगून ठेवा. त्या दिवशी डोळा आला असेल, रांजणवाडी असेल किंवा पापणीला पू असेल तर लपवू नका, इंजेक्शन पुढे ढकलावं लागतं. नुकताच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर तेही सांगा.

घरी आल्यावर काय होतं, यावर जरा थांबून लिहितो, कारण घोळ इथेच होतो. त्याच संध्याकाळी डोळा चुरचुरतो, वाळू गेल्यासारखा खुपतो, पाणी येतं. हे आयोडीनमुळे. दुसऱ्या दिवशी कमी होतं. पांढऱ्या भागावर लालभडक डाग दिसला तर घाबरू नका, ते पृष्ठभागावरचं रक्त, एक-दोन आठवड्यांत विरतं. एखादा गोल काळा बुडबुडा तरंगताना दिसला तर ती सुईतली हवा, दिवस-दोन दिवसांत जाते. यापेक्षा पूर्णपणे वेगळी गोष्ट म्हणजे डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग. तो दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखाद्या वेळी होतो. ओळखायची खूण क्रमात आहे : साध्या चुरचुरीत पहिला दिवस वाईट आणि दुसरा बरा असतो. संसर्गात आधी डोळा शांत होतो आणि बहुधा दुसऱ्या ते सातव्या दिवसात पुन्हा दुखू लागतो, लाल होतो, उजेड सहन होत नाही आणि नजर धुरकट होत जाते. असं झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांना गाठा. सकाळपर्यंत थांबणं महागात पडतं. अचानक प्रकाशाच्या चमका, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखं दिसलं तरी हेच करा.

डोळा चोळू नये, नळाचं पाणी डोळ्यात जाऊ देऊ नये, पोहणं डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद. प्रतिजैविकाचे थेंब हल्ली बहुतेक ठिकाणी देत नाहीत. डॉक्टर विसरले असं समजू नका.

प्रश्न : ओसीटी झाला असताना हातात पिवळं औषध टोचून पुन्हा फोटो कशासाठी?

ओसीटी पडद्याचा उभा छेद दाखवतो, त्यात द्रव कुठल्या थरात आहे ते काही मायक्रॉनच्या अचूकतेने कळतं. तो द्रव कोणत्या वाहिनीतून झिरपतो, हे रंगद्रव्याची चाचणी दाखवते. पहिल्या निदानाच्या वेळी किंवा उपचाराला दाद मिळत नसेल तर ती लागते. त्वचा काही तास पिवळसर दिसते आणि लघवी दिवसभर गडद पिवळी-केशरी होते. काहींना क्षणिक मळमळ येते. पूर्वी कोणत्याही औषधाची किंवा रंगद्रव्याची अ‍ॅलर्जी झाली असेल तर टोचण्याआधी सांगा.

प्रश्न : माझा कोरडा प्रकार शेवटच्या पायरीवर आहे असं सांगितलं. 'काही करता येत नाही' हे खरं का? मोतीबिंदूही आहे, त्याची शस्त्रक्रिया केली तर पडदा आणखी बिघडेल का?

पेशी झिजून गेल्या आहेत ती जागा परत आणणारं औषध आज नाही. थेंब, मसाज, डोळ्यांचे व्यायाम किंवा पैसे घेऊन केले जाणारे 'मूळ पेशी' उपचार विकणाऱ्यांपासून लांब राहा. चाचणीबाहेर डोळ्यात मूळ पेशी टोचून घेतल्यानंतर लोकांची असलेली नजरही गेल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेत पेगसेटाकोप्लॅन आणि अ‍ॅव्हासिनकॅप्टॅड पेगॉल या दोन इंजेक्शनांना मान्यता मिळाली. त्यांनी झीज पसरण्याचा वेग कमी होतो, नजर सुधारत नाही, आणि ओला प्रकार सुरू होण्याचा धोका थोडा वाढतो. दर एक-दोन महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं आणि फरक स्वतःला जाणवायचा नाही, असा हा सौदा आहे. झीज केंद्राच्या अगदी जवळ आली आहे पण केंद्र अजून शाबूत आहे, अशांनी डॉक्टरांशी याची चर्चा जरूर करावी. केंद्र आधीच गेलं असेल तर मिळण्याजोगं थोडं आहे.

'काही करता येत नाही' हे मात्र खरं नाही. उरलेली नजर वापरायला शिकण्याचा भाग पुढच्या उत्तरात आहे. हा विकार कडेची नजर घेत नाही, त्यामुळे मिट्ट अंधार होत नाही. घरात वावरणं, आपापलं आवरणं चालू राहतं.

मोतीबिंदूने प्रकाश आणि रंगभेद दोन्ही अडतात, म्हणून तो काढल्यावर कडेची नजर, उजळपणा आणि वावर सुधारतो. शस्त्रक्रियेने पीतबिंदूचा ऱ्हास वेगाने वाढतो असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. दोन अटी : ओला प्रकार चालू असेल तर आधी झिरप थांबवून तो स्थिर करावा, आणि शस्त्रक्रियेपूर्वी ओसीटी व्हावा. वाचता किती येईल हे मोतीबिंदू काढणाऱ्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्या, म्हणजे नंतर निराशा होत नाही.

प्रश्न : वडिलांचा चष्मा वर्षात तीनदा बदलला, तरी पेपर वाचता येत नाही. नजर ६/६० आहे. भिंग आणलं, तेही वापरत नाहीत.

चष्मा फक्त प्रतिमा पडद्यावर नीट पाडतो. मधला पडदाच काम करत नसेल तर चौथा चष्माही तेच करेल. आता कमी दृष्टीच्या साधनांसाठी वेगळी तपासणी हवी. मोठ्या नेत्र रुग्णालयांत बहुधा तसा विभाग असतो.

भिंग किती ताकदीचं, याचा एक ढोबळ हिशोब आहे : नजरेचा अपूर्णांक उलटा करायचा. ६/६० म्हणजे ६० भागिले ६, सुमारे १० डायॉप्टर. त्याचं अंतर १०० भागिले १०, म्हणजे १० सेंटिमीटर. इतक्या जवळ पेपर धरावा लागतो हेच लोकांना पटत नाही, आणि हात नेहमीच्या अंतरावर गेला की अक्षर पुसट होतं. 'भिंग बेकार आहे' असं म्हणून ते कपाटात जातं. जवळ धरल्याने डोळा खराब होत नाही, हे वडिलांना ठामपणे सांगा. जास्त ताकदीचं भिंग म्हणजे लहान खिडकी, एका वेळी तीन-चारच अक्षरं. म्हणून काम भागेल इतकंच घ्या.

हातातलं भिंग आधी कागदावर टेकवा, हळूहळू वर उचला, अक्षर सर्वांत मोठं दिसून पुसट होण्याच्या बेताला आलं की थांबा. त्याबरोबर लांबचा चष्मा चालतो. पायांवर उभं राहणारं भिंग मात्र जवळच्या चष्म्यातूनच बघायचं असतं. हात थरथरत असेल तर तेच बरं. हे उलटसुलट झालं की दोन्ही निरुपयोगी वाटतात.

भिंगाआधी दिवा बघा. दिवा ६० सेंटिमीटरवरून ३० वर आणला की कागदावरचा उजेड चौपट होतो. चांगल्या डोळ्याच्या बाजूने, खांद्यामागून, बल्ब डोळ्यांना दिसणार नाही असा ठेवा. चकाकता कागद तिरका धरा. काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीइतकी फट कापून ती ओळीवर ठेवली की आजूबाजूचा पांढरा झळाळ झाकला जातो आणि ओळ चुकत नाही.

मग नजर बाजूला ठेवण्याचा सराव. घड्याळाच्या तबकडीच्या मध्यभागी एक अक्षर चिकटवा. एका डोळ्याने, चांगल्या डोळ्याने, आधी १२ कडे पाहा, मग १, २ असं फिरत जा. कुठे पाहिल्यावर मधलं अक्षर सर्वांत स्पष्ट होतं ते नोंदवा. तीच त्यांची नवी 'वाचायची दिशा'. रोज दोनदा दहा-पंधरा मिनिटं, सुरुवात मोठ्या सुट्या अक्षरांनी, मग शब्द. वाचताना डोळा त्या दिशेला स्थिर ठेवून कागद डावीकडे सरकवायचा, डोळा धावू द्यायचा नाही. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली असतात. ओळी दाटीच्या असतील तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत मिसळतो. छापून घ्यायचं असेल तर ओळींतलं अंतर वाढवा, नुसतं अक्षर मोठं करून भागत नाही. दिसत नसलेला डाग नजरेच्या डावीकडे असेल तर पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही, अशा वेळी डाव्या समासात जाड रंगीत पट्टी लावा. उजवीकडे असेल तर पुढचा शब्दच दिसत नाही आणि वेग खूप मंदावतो. तिथे ऐकून वाचणं जास्त सुखाचं ठरतं. मोबाईलमध्ये मजकूर वाचून दाखवण्याची, अक्षर मोठं करण्याची आणि काळ्यावर पांढरं दिसण्याची सोय आधीपासूनच असते.

घरात प्रत्येक पायरीच्या कडेला विरोधी रंगाची पट्टी लावा. आणि खोलीत आल्यावर आपलं नाव सांगा. वडील ओळख दाखवत नाहीत तेव्हा बऱ्याचदा त्यांना चेहरा दिसलेलाच नसतो.

प्रश्न : आजीला संध्याकाळी खोलीत अनोळखी लहान मुलं बसलेली दिसतात. ती म्हणते, 'ती खरी नाहीत हे मला कळतं, पण दिसतात.' आम्ही कोणाला सांगितलेलं नाही. वेड लागतंय का?

नाही. आजींनी तुम्हाला सांगितलं हेच फार चांगलं झालं. अनेक जण भीतीने वर्षानुवर्षं कोणाला बोलत नाहीत. याला शार्ल बॉने सिंड्रोम म्हणतात. १७६० मध्ये या स्विस निसर्ग अभ्यासकाने आपल्या आजोबांना दिसणाऱ्या अशाच आकृतींची नोंद केली होती. आजोबांची नजर गेली होती, बुद्धी शाबूत होती. पडद्याकडून संदेश येणं कमी झालं की मेंदूतला बघण्याचा भाग आपणहून चित्रं तयार करतो : जाळीदार नक्षी, फुलं, चेहरे, लहान आकाराची माणसं. ती मुकी असतात. आवाज, वास, स्पर्श नसतो आणि ती खरी नाहीत हे माणसाला कळतं.

मंद उजेडात ती वाढतात, म्हणून संध्याकाळ होताच दिवे लावा. दिसू लागली की उठून दुसऱ्या खोलीत जावं, दिवा लावावा किंवा मालवावा, थेट त्या आकृतीकडे रोखून बघावं. डोकं न हलवता डावी-उजवीकडच्या दोन वस्तूंकडे सेकंदाला एकदा अशी पंधरा वेळा आळीपाळीने नजर टाकली तरी बऱ्याचदा चित्र विरतं. पुष्कळांत काळ जाईल तसं हे कमी होतं. पण आकृती बोलू लागल्या, आजींना त्या खऱ्या वाटू लागल्या, विसराळूपणा किंवा हातापायांची थरथर सोबत आली, ताप असला किंवा नुकतंच नवीन औषध सुरू झालं असेल तर वैद्यकीय तपासणी हवी, कारण मग कारण वेगळं असू शकतं.

प्रश्न : माझं वय ३८. एका डोळ्यासमोर मध्येच गोल करडा डाग दिसतो, वस्तू किंचित लहान आणि फिक्या दिसतात. 'पडद्याखाली पाणी, तीन महिने वाट बघू' असं सांगितलं. ओला प्रकार असून इंजेक्शन का देत नाहीत?

हा बहुधा ओला प्रकार नाही. तुमच्या वयात, विशेषतः पुरुषांत, पडद्यामागच्या थरातून द्रव झिरपून असा फुगा येतो. नव्या वाहिन्या नसतात, म्हणून ते इंजेक्शन लागत नाही. बहुतेकांत तीन-चार महिन्यांत तो आपोआप जिरतो, तेव्हा वाट बघणं हाच योग्य उपचार आहे. त्यानंतरही राहिला किंवा पुन्हा पुन्हा आला तर शिरेतून औषध देऊन त्यावर मंद प्रकाश टाकण्याचा उपचार किंवा केंद्रापासून लांब झिरप असेल तर लेझर करतात.

तुम्ही शोधायची गोष्ट म्हणजे स्टेरॉइड. गोळ्याच नव्हे, तर दम्याचा पंप, नाकातला फवारा, त्वचेचं मलम, सांध्यात दिलेलं इंजेक्शन, ताकदीसाठी कोणी दिलेली पुडी, काहीही. गेल्या काही महिन्यांतलं सगळं कागदावर लिहून नेत्रतज्ज्ञांना दाखवा. मात्र गोळ्या दीर्घकाळ चालू असतील तर स्वतःहून एकदम थांबवू नका, शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं विसरलेलं असतं आणि जिवावर बेतू शकतं. ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांच्याकडूनच कमी करून घ्या. रात्रीचं जागरण थांबवा, झोपेत मोठं घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं होत असेल तर तेही सांगा, त्याचाही या विकाराशी संबंध आढळतो. आणि तीन महिन्यांनंतरच्या स्कॅनची तारीख आजच घेऊन ठेवा, डाग गेल्यासारखा वाटला तरी.